करगा आणि उत्क्रांती

रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत पावसाळ्यात भाताची निंदणी सुरू होते, तेव्हा शेतकऱ्यापुढे एक अडचण उभी राहते. भाताच्या रोपांमध्ये भातासारखेच दिसणारे एक तण वाढत असते. छत्तीसगढीत त्याला 'करगा' म्हणतात. करगा हा भाताचाच रानटी भाऊबंद होय. कोवळेपणी त्याची पाने भातासारखीच दिसतात, त्यामुळे निंदणाऱ्याची नजर फसते. लोंबी बाहेर पडल्यावर तो ओळखू येतो खरा, पण तोवर वेळ निघून गेलेली असते. त्याचे दाणे पिकता पिकताच गळून जमिनीत पडतात आणि पुढील वर्षी पुन्हा उगवतात.

हे तण भातासारखे का दिसते? त्याला हे सोंग कोणी शिकविले? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तर आपण जीवशास्त्रातील एका थोर सिद्धान्तापाशी येऊन पोहोचतो. तो सिद्धान्त म्हणजे उत्क्रांतिवाद.

जांभळ्या भाताचा धडा

छत्तीसगढ हा प्रदेश त्या काळी नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात होता. करग्यावर उपाय म्हणून कृषिशास्त्रज्ञांनी एक युक्ती योजिली. ज्या भाताची पाने जांभळट असतात, असे वाण शेतात लावावे, म्हणजे हिरवा करगा दुरूनही ओळखू येईल व उपटून टाकता येईल. मध्यप्रांतातील या प्रश्नावर बी. बी. दवे यांनी १९४३ साली एक शास्त्रीय लेखही लिहिला होता. युक्ती नामी होती. परंतु जेथे जेथे असे जांभळे वाण लावले गेले, तेथे काही हंगामांनंतर करगाही जांभळा दिसू लागला!

यात जादू नव्हती. भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. तरी क्वचित जांभळ्या भाताचा पराग शेजारच्या करग्यापर्यंत पोहोचतो. अशा संकरातून पुढे थोडी जांभळी करग्याची रोपे निपजली. निंदणाऱ्याने हिरवी रोपे उपटली आणि जांभळी रोपे भात समजून राखली. राखलेल्या रोपांचे दाणे शेतात गळले. दुसऱ्या वर्षी त्यांची संख्या वाढली, तिसऱ्या वर्षी आणखी वाढली. शेतकऱ्याने करगा जांभळा करावयाचे ठरविले नव्हते, आणि करग्याने तर काहीच ठरविले नव्हते.

या घटनेत तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, एकाच जातीच्या रोपांत भेद होता. दुसरी, तो भेद वारशाने पुढील पिढीत जात होता. तिसरी, त्या भेदामुळे काही रोपे तगत होती व काही नष्ट होत होती. जेथे या तीन गोष्टी एकत्र येतात, तेथे पिढ्यान्‌पिढ्या बदल घडत जातो. उत्क्रांतीचे मर्म हेच आहे.

निवड कोण करतो?

चार्ल्स डार्विन या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८३१ ते १८३६ या काळात जगप्रवास करून प्राणी, वनस्पती व जीवाश्म यांचे निरीक्षण केले. आल्फ्रेड वॉलेस हाही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचला होता. दोघांचे विचार १८५८ साली एकत्र मांडले गेले आणि १८५९ साली डार्विनचा जातींच्या उगमावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विशेष हे, की डार्विनने आपल्या विवेचनाचा आरंभ दूरच्या बेटांपासून केला नाही. माणसाने पाळलेली कबुतरे, जनावरे आणि पिके यांपासून केला.

याचे उदाहरण रायपुरातच आहे. येथील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भाताच्या तेवीस हजारांहून अधिक नमुन्यांचे जतन केले आहे. त्यांपैकी बहुसंख्य डॉ. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात खेडोपाडी हिंडून गोळा केले. कोणते वाण सुवासिक, कोणते उंच माळावर तगणारे, तर कोणते पाणथळ जागी वाढणारे. हे वैविध्य शेकडो पिढ्यांच्या शेतकऱ्यांनी चांगले बियाणे निवडून ठेवल्यामुळे टिकले व वाढले. यांतील पुष्कळांना अक्षरओळखही नसेल. परंतु निवडीचे तत्त्व त्यांच्या हातांना ठाऊक होते. हेच काम माणसावाचून थंडी, दुष्काळ, रोग व भक्षक करीत असतात. त्याला डार्विनने नैसर्गिक निवड म्हटले.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. जीव प्रयत्न करतो आणि म्हणून बदलतो, असे नव्हे. ओझी वाहून हमालाचे दंड पीळदार होतात, पण ते दंड मुलाला जन्मतः मिळत नाहीत. वारसा नेमका कसा चालतो, हे डार्विनला उमगले नव्हते. मेंडेलने वाटाण्यांवर केलेल्या प्रयोगांचे महत्त्व १९०० साली जगाला कळले, आणि १९५३ साली डीएनएची रचना उलगडल्यावर वारशाचे साधनही स्पष्ट झाले.

या ज्ञानाचा आपल्या घराशी संबंध आहे. क्षयरोगाचा रुग्ण बरे वाटताच औषध मध्येच सोडतो, तेव्हा औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरतात व तेच वाढतात. निंदणीतून सुटलेल्या जांभळ्या करग्यासारखेच हे आहे. म्हणूनच औषधाचा क्रम पूर्ण करण्याचा आग्रह धरला जातो.

'उत्' म्हणजे वर?

आता शब्दाकडे वळू. 'उत्क्रांती' या शब्दातील 'उत्' म्हणजे वर, आणि 'क्रांती' म्हणजे पाऊल टाकणे. हिंदीत याच कल्पनेला 'जैव विकास' म्हणतात. दोन्ही शब्दांवरून असे वाटते, की सारे जीव एका शिडीवरून वर चढत आहेत. निसर्गात मात्र तशी शिडी नाही.

बस्तरमधील कांगेर खोऱ्यात कोटुमसर नावाची चुनखडीची गुहा आहे. तिच्या मिट्ट काळोखातील पाण्यात लहान मासे राहतात. त्यांचे डोळे खुजे व अंगाचा रंग फिका असतो. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. त्यांनी हे मासे ज्या जातीचे म्हणून नोंदविले, त्या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८७२ साली पुण्याकडील माशांवरून झाले होते. उजेडातील ओढ्यात अधू डोळ्यांचा मासा टिकणे कठीण. अंधारात मात्र डोळ्यांचा उपयोग नसल्याने अधूपणा तोट्याचा ठरत नाही. मग गुहेतील मासा 'मागासलेला' म्हणावा काय? नाही. तो आपल्या परिस्थितीला अनुरूप आहे, एवढेच म्हणता येते.

शिडीच्या कल्पनेने समाजाची मोठी हानी केली. १८६४ साली हर्बर्ट स्पेन्सर याने 'योग्यतमाचा टिकाव' या अर्थाचा शब्दप्रयोग रूढ केला. पुढे 'योग्य' म्हणजे बलवान किंवा श्रीमंत असा अर्थ लावून गरिबी, वंशभेद आणि साम्राज्यशाही यांचे समर्थन केले गेले. मानवसमाजांनाही रानटी, अर्धरानटी व सुसंस्कृत अशा पायऱ्यांवर बसविले गेले. आपल्या देशातही बैगा, कमार, बिरहोर, पहाडी कोरवा, अबूझमाडिया यांसारख्या समाजांना सरकारी दप्तरांत 'आदिम' म्हटले जाई. २००६ साली तो शब्द वगळून 'विशेष असुरक्षित जनजाती गट' हे नाव स्वीकारण्यात आले. हा बदल केवळ शब्दाचा नव्हता. आजची सर्व माणसे एकाच जातीची आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि सर्वांच्या वंशाचा प्रवास सारखाच दीर्घ आहे. म्हणून जैविक दृष्ट्या कोणताही जिवंत समाज दुसऱ्याचा भूतकाळ नाही. शाळा सुटली, संधी हुकली, म्हणून कोणी 'मागे राहिला' असे आपण म्हणतो. त्याची कारणे समाजात शोधावी लागतात, रक्तात नव्हे.

उत्क्रांतिवादाने माणसाला सृष्टीच्या सिंहासनावरून खाली उतरविले, अशी तक्रार पूर्वी होत असे. पण त्याच विचाराने त्याला सर्व सजीवांचा नातलग केले. भात, करगा, गुहेतला मासा आणि त्यांच्याविषयी प्रश्न विचारणारा माणूस, ही सारी एकाच जुन्या वंशवृक्षाची पाने आहेत.

स्वाध्याय

१. करगा जांभळा होण्यामागील तीन गोष्टी आपल्या शब्दांत लिहा.
२. 'उत्क्रांती' हा शब्द दिशाभूल करू शकतो, असे लेखात का म्हटले आहे?
३. आपल्या परिसरातील जुन्या जाणत्या शेतकऱ्याला भेटा. तो पुढील वर्षाचे बियाणे कसे निवडतो, ते विचारून दहा ओळी लिहा.