मिशिगन सरोवरात सालमन आला कुठून? हौशी मासेमारीच्या एका मोठ्या जुगाराची गोष्ट

ऑगस्ट महिना. पहाटेचे साडेचार. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं लडिंग्टन नावाचं छोटं बंदर. अजून उजाडलेलं नाही, पण धक्क्यावर लगबग सुरू झाली आहे. बर्फाच्या पेट्या, कॉफीचे थर्मास आणि जाड जॅकेटं घेऊन लोक बोटींत चढतायत. थोड्याच वेळात लाल-हिरवे दिवे लावलेल्या बोटी दीपगृहाजवळून एकामागून एक बाहेर पडतात.

समोर पाणीच पाणी. पलीकडचा किनारा दिसत नाही. लाटा आहेत, डोक्यावर सीगल आहेत, वाळूचे किनारे आहेत. नाही ते फक्त मीठ. कारण हा समुद्र नाही, गोड्या पाण्याचं सरोवर आहे.

या बोटी निघाल्यात चिनूक सालमनच्या मागावर. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लडिंग्टनजवळच एकाच्या गळाला जवळपास २१.७ किलोचा चिनूक लागला होता. मिशिगन राज्याचा तो विक्रम ठरला. पण गंमत अशी, की सालमन हा मासा इथला नाहीच. साठ वर्षांपूर्वी या सरोवरात त्याचं नावही कुणी काढत नव्हतं. तो इथे मुद्दाम आणून सोडला गेला. का? आणि त्याची किंमत आज कोण मोजतंय?

सरोवर की समुद्र?

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, इरी आणि ऑन्टारियो ही पाच महासरोवरं आहेत. जगातल्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्यापैकी सुमारे एक पंचमांश पाणी एकट्या या पाचांत आहे.

त्यातलं मिशिगन सरोवर सुमारे ५८,००० चौरस किलोमीटरचं. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर हे चार जिल्हे एकत्र केले की जेवढी जागा होते, जवळपास तेवढं. खोली जास्तीत जास्त २८१ मीटर. तीन कुतुबमिनार एकावर एक उभे केले तरी बुडतील. शिकागो शहर याच सरोवराच्या काठावर आहे, त्यामुळे तिथल्या मराठी मंडळींच्या फोटोंत मागे दिसणारं निळं पाणी अनेकांनी पाहिलेलं असतं.

या पाण्यातला मूळचा सर्वांत मोठा शिकारी मासा म्हणजे लेक ट्राउट. थंड, खोल पाण्यात राहणारा आणि सावकाश वाढणारा. शेकडो वर्षं लहान माशांवर त्याचाच वचक होता. मग एक कालवा आडवा आला.

कालव्यातून शिरलेला शत्रू

ऑन्टारियो आणि इरी या सरोवरांच्या मध्ये नायगारा धबधबा आहे. खालचा मासा वर चढणं शक्यच नव्हतं. पण जहाजांना तो धबधबा टाळता यावा म्हणून वेलंड कालवा खोदला गेला. १८२९ मध्ये तो सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी रुंद-खोल केला गेला.

जहाजांसाठी उघडलेल्या या वाटेने सी लॅम्प्रे नावाचा प्राणी वर आला. दिसायला वाम माशासारखा लांबट, पण याला जबडाच नसतो. गोल तोंडात दातांची वर्तुळं असतात. मोठ्या माशाच्या अंगाला तो चिकटतो, कातडीला भोक पाडतो आणि रक्त शोषतो. एक लॅम्प्रे आयुष्यात १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो. १९३६ मध्ये तो मिशिगन सरोवरात सापडला. आधीच बेसुमार मासेमारीने खंगलेला लेक ट्राउट पुढच्या वीसेक वर्षांत तिथून जवळपास नाहीसा झाला.

शास्त्रज्ञांनी हजारो रसायनं तपासली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना एक औषध सापडलं. लॅम्प्रेची पिल्लं ज्या ओढ्या-नद्यांत वाढतात तिथे ते सोडलं की पिल्लं मरतात आणि बाकीचे बहुतेक मासे वाचतात. हे काम आजही दरवर्षी करावं लागतं. कोविडच्या काळात ते कमी झालं, तर लॅम्प्रेंची संख्या पुन्हा वर गेली.

किनाऱ्यावर मेलेल्या माशांचे ढीग

लॅम्प्रे आटोक्यात येत होता, पण तोवर दुसरा पाहुणा घरभर पसरला होता. एलवाइफ. हा वीतभर लांबीचा, चंदेरी, हेरिंगच्या कुळातला मूळचा समुद्री मासा. मिशिगन सरोवरात तो १९४९ मध्ये पहिल्यांदा दिसला. त्याला खाणारा लेक ट्राउट उरलाच नव्हता. मग काय, बेसुमार वाढ! १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सरोवरातल्या माशांच्या एकूण वजनात सुमारे ९० टक्के वाटा एकट्या एलवाइफचा असल्याचा अंदाज होता. बाहेरून आलेला मासा पाणी कसं व्यापतो, हे उजनीतल्या चिलापीमुळे महाराष्ट्रालाही ठाऊक आहे.

समुद्री मासा असल्याने गोड्या पाण्यातले तापमानाचे चढउतार एलवाइफला सोसत नाहीत. १९६७ च्या उन्हाळ्यात तो प्रचंड संख्येने मेला. शिकागोपासून मिशिगनपर्यंतच्या किनाऱ्यांवर कुजलेल्या माशांचे थर साचले. ते उचलायला बुलडोझर लावावे लागले. ऐन सुट्टीच्या मोसमात पर्यटक नाक दाबून परत फिरले.

टॅनर यांचा जुगार

हॉवर्ड टॅनर हे १९६४ मध्ये मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख झाले. तोवर सरकारी विचार व्यावसायिक मासेमारी सावरण्याचा होता. टॅनर यांनी उलटा विचार केला. एलवाइफ ही घाण नाही, ते खाद्य आहे. ते खाणारा, झपाट्याने वाढणारा आणि गळाला लागल्यावर जोरदार झुंजणारा मासा आणला तर? किनारे स्वच्छ होतील आणि हौशी मासेमारांसाठी एक नवा खेळ उभा राहील.

असा मासा होता प्रशांत महासागरातला कोहो सालमन. सालमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येऊन मरतो. इथे समुद्राची जागा सरोवर घेणार होतं. ओरेगॉन राज्यातून सुमारे दहा लाख अंडी आली. पिल्लं वाढवली गेली आणि २ एप्रिल १९६६ रोजी प्लॅट नदीत पहिली पिल्लं सोडण्यात आली. पुढच्याच वर्षी त्यांच्या जोडीला चिनूकही आला.

१९६७ च्या शरद ऋतूत कोहो पूर्ण वाढून नदीच्या मुखाशी परतले आणि लोकांना अक्षरशः वेड लागलं. मिळेल ती बोट गाडीमागे बांधून हजारो माणसं त्या छोट्या गावांत धडकली. मोटेलच्या खोल्या संपल्या, दुकानांतली आमिषं संपली. यातल्या कित्येक बोटी लहान तळ्यांसाठी बनवलेल्या होत्या.

२३ सप्टेंबर १९६७ रोजी वादळ आलं. लाटांनी लहान बोटी उलटवल्या, काही किनाऱ्यावर आपटल्या. त्या दिवशी सात मासेमारांचा जीव गेला. सरोवराला तळं समजण्याची ती किंमत होती. या सरोवरातल्या लाटा समुद्रापेक्षा आखूड अंतराने, एकामागून एक आदळतात आणि उघड्या बोटीला सावरायला वेळ देत नाहीत. पाणी गार असल्याने पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय लवकर गारठतात. म्हणूनच आज तिथे हवामानाचा अंदाज पाहिल्याशिवाय जाणकार बोट सोडत नाहीत आणि लाइफ जॅकेटला पर्याय नाही.

बोटीवर नेमकं काय चालतं?

ज्यांच्याकडे स्वतःची बोट नाही, ते चार्टर बोट भाड्याने घेतात. कॅप्टनला तटरक्षक दलाचा परवाना लागतो. सर्वसाधारण परवान्यावर तो जास्तीत जास्त सहा प्रवासी नेऊ शकतो. मासे पकडणाऱ्याला राज्याचा मासेमारी परवाना काढावा लागतो आणि दिवसाला किती मासे ठेवायचे याचीही मर्यादा असते.

इथे गळ टाकून तासन्‌तास एका जागी बसत नाहीत. बोट ताशी तीन-चार किलोमीटरच्या संथ वेगाने चालत राहते आणि मागून आठ-दहा गळ वेगवेगळ्या खोलीवर ओढले जातात. आमिष म्हणून चमच्याच्या आकाराचे, रंगीत, चकाकणारे पत्रे असतात. पाण्यात ते डुलत जातात आणि घाबरून पळणाऱ्या एलवाइफसारखे दिसतात.

खरी मेख असते ती खोलीची. उन्हाळ्यात सरोवराच्या पाण्याचे थर होतात. वर कोमट, खाली गार. चिनूकला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. तो थर कधी पाच मीटरवर असतो, कधी तीस मीटरवर. वाऱ्याने वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं की खालचं गार पाणी वर येतं आणि मासे काठाजवळ सापडतात. वारा फिरला की कालची जागा आज रिकामी. त्यामुळे कॅप्टनचं निम्मं काम पाण्याचं तापमान आणि सोनारच्या पडद्यावरचे ठिपके वाचणं हेच असतं.

एवढ्या खोल आमिष न्यायचं कसं? त्यासाठी डाउनरिगर नावाचं यंत्र वापरतात. पोलादी तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा लावून तो हव्या त्या खोलीवर सोडतात. गळाचा दोरा त्या गोळ्याजवळ चिमट्यात अडकवलेला असतो आणि वर काठी ताणून वाकवलेली असते. मासा लागला की दोरा चिमट्यातून सुटतो, काठी क्षणभर ताठ होते आणि लगेच पुन्हा वाकते. मग बोटीवर एकच आरडाओरडा. मोठा चिनूक शंभर-दोनशे फूट दोरा सहज ओढून नेतो.

सालमन घरी नेताना आणखी एक गोष्ट लोक पाहतात. कारखान्यांतून पूर्वी सोडलेली पीसीबीसारखी रसायनं चरबीत साठतात आणि मोठ्या, वयस्क माशांत ती जास्त असतात. म्हणून कुठला मासा किती खावा याच्या सरकारी सूचना असतात. चरबी आणि कातडी काढून शिजवायचा सल्ला दिला जातो.

तळाशी पसरलेले शिंपले

टॅनर यांचा जुगार इतका यशस्वी झाला की किनाऱ्यावरच्या गावांचं अर्थकारणच सालमनवर उभं राहिलं. मोटेल, गॅरेज, आमिषांची दुकानं, बोटी बनवणारे, सगळेच त्यात आले. मात्र या सगळ्याचा पाया होता एलवाइफ. तो खचला तर?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून झेब्रा आणि क्वागा हे युरोपातल्या काळ्या समुद्राच्या परिसरातले शिंपले इथे आले. बोटाच्या पेरापेक्षा फार मोठे नसलेले हे शिंपले पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न खातात. क्वागा तर खोल, गार तळावरही पसरला. सरोवराचं पाणी पूर्वीपेक्षा नितळ दिसू लागलं. पर्यटक खूश झाले, पण पाणी नितळ होतं कारण त्यातलं अन्न संपत होतं. एलवाइफची उपासमार सुरू झाली आणि वरून सालमन त्यांना खात होतेच.

शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला. त्याच्यामागे चिनूक गेला. गळाला लागणारे मासे हडकुळे निघू लागले, मग लागेनासेच झाले. बोटी विकल्या गेल्या, सालमनवर जगणारी बंदरं ओस पडली.

पण त्याच पाण्यात दुसरंही काहीतरी घडलं. एलवाइफच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, नष्ट करणारं एक विकर असतं. तो खाणाऱ्या लेक ट्राउटच्या अंड्यांत हे जीवनसत्त्व कमी पडतं आणि पिल्लं मरतात. शिवाय एलवाइफ इतर माशांची इवली पिल्लंही खातो. तो गेल्यावर ह्युरॉनमध्ये लेक ट्राउट नैसर्गिकरीत्या वाढू लागला आणि सॅगिनॉ उपसागरात वॉलआय हा मूळचा मासा जोमाने परतला. सालमनवाल्यांचं नुकसान हे मूळ रहिवाशांचं पुनरागमन ठरलं.

मग सालमन सोडायचे किती?

ह्युरॉनसारखं मिशिगन सरोवरात होऊ नये म्हणून २०१३ मध्ये तिथे सोडल्या जाणाऱ्या चिनूक पिल्लांची संख्या जवळपास निम्मी केली गेली. खाणारी तोंडं कमी, तर खाद्य टिकेल, हा हिशोब. चार्टर कॅप्टनना हे पटवणं सोपं नव्हतं, कारण कमी पिल्लं म्हणजे पुढच्या मोसमात कमी गिऱ्हाईक.

त्यात आणखी एक पेच आहे. पिल्लं सोडण्याआधी त्यांच्या पाठीमागचा छोटा पर कापून नाकात बारीकशी तार बसवतात. हौशी मासेमार अशा माशांची डोकी तपासणीसाठी जमा करतात. त्यातून कळलं, की सरोवरातल्या चिनूकपैकी निम्म्याहून जास्त आता नद्यांत आपोआप जन्मलेले आहेत. म्हणजे माणसाच्या हातात नळाची एकच तोटी आहे. दुसरी निसर्गाने केव्हाच उघडली आहे.

म्हणून लडिंग्टनच्या धक्क्यावर संध्याकाळी मासे साफ करताना कॅप्टन फक्त माशाचं वजन पाहत नाही. तो पोट चिरून आत किती एलवाइफ आहेत आणि केवढे आहेत, तेही पाहतो. पोट भरलेलं निघालं तर पुढच्या वर्षीची आगाऊ नोंदणी घ्यायला हरकत नाही. सलग रिकामी पोटं निघू लागली, तर शेजारच्या सरोवरात काय झालं होतं हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.