कुलूप कोणाचे बळकट?

संगणक घेताना आपण किंमत विचारतो, वॉरंटी विचारतो, क्वचित रंगही विचारतो. पण त्याच्या आत नांदणाऱ्या कारभाऱ्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. हा कारभारी म्हणजे ‘ऑपरेटिंग सिस्टिम’. कोणाला घरात घ्यायचे आणि तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती द्यायची, हे तो ठरवितो. विंडोज, मॅक आणि लिनक्स ही त्यांतली तीन नामांकित घराणी. यांत भरवशाचे कोणते, या प्रश्नावरून चांगली शिकलेली माणसेही हमरीतुमरीवर येतात.

मूळ फरक जन्माचा आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘युनिक्स’ जन्मले. तेथे एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचे, म्हणून एकाच्या कागदांना दुसऱ्याने हात लावू नये अशी तजवीज करावी लागली. वाड्यात बिऱ्हाडे अनेक असली, की प्रत्येक खोलीला कडी लागतेच! मॅक त्याच वंशातला. लिनक्सने रक्ताचे नाते नसता तेच वळण उचलले. उलट मायक्रोसॉफ्टचे १९८१ चे ‘डॉस’ एकट्याच्या टेबलासाठी होते. तेथे कुलपे कशाला? पुढे २००१ च्या विंडोज एक्सपीत कुलपे आली खरी, पण घरोघरी बहुधा प्रत्येकाच्या कमरेला मालकाचाच जुडगा असे. २००७ मध्ये व्हिस्टा प्रत्येक मोठ्या कामाआधी परवानगी विचारू लागले, तर लोक त्या विचारण्यालाच वैतागले!

म्हणून इतर दोघे निर्धास्त, असे मात्र नव्हे. २०१२ साली ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे सहा लाख मॅक बाधले. ते ज्या भोकातून शिरले, ते जावा या प्रोग्रॅममधले होते. त्याची दुरुस्ती फेब्रुवारीत निघाली होती, पण ॲपलने ती आपल्या ग्राहकांना एप्रिलमध्ये दिली.

लिनक्सवाले म्हणतात, आमचा सारा मजकूर जगाला वाचायला खुला आहे. खरे आहे; पण वाचतो कोण? ‘एक्सझेड’ नावाच्या एका लहानशा भागात कोणी अज्ञात इसमाने मदतनीस म्हणून विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ मध्ये तो आंद्रेस फ्रॉइंड यांना सापडला, तोही एका कामाला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला एवढ्यावरून! हे गृहस्थ नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये, ही त्यातली गंमत.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. विंडोजमधील ते भोक बुजविण्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ती न बसविलेली यंत्रे सापडली. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ने तेच भोक वापरले, वर संकेतशब्दही चोरले, त्यात आपल्या न्हावा शेवा बंदरातील मार्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले.

तेव्हा घराणे विचारावे, पण त्याआधी दुरुस्ती केव्हापर्यंत मिळणार ते विचारावे. विंडोज १० ची नित्याची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्यांच्या यंत्राला विंडोज ११ पेलत नाही आणि मुदतवाढही घेतलेली नाही, त्यांनी त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. अशा जुन्या यंत्रावर लिनक्स फुकट बसविता येते. मात्र घरातला प्रिंटर त्याच्याशी जमवून घेतो की नाही, ते आधी पाहावे.