विमानाला तास का लागतो?

‘अंतर भागिले वेग म्हणजे वेळ’ हे सूत्र मुलांना पाठ असते. ते खऱ्या प्रवासाला लावून पाहिले, तर बरेच काही शिकवता येते. पलूस परिसरातल्या शाळांना जवळचे उदाहरण म्हणजे कोल्हापूर-मुंबई विमान.

आधी अंतर काढू. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर व ७४.३ अंश पूर्व रेखांशावर आहे, मुंबईचा १९.१ व ७२.९ अंशांवर. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० कि.मी. त्याला ३६०ने भागले की एका अंशाचे १११ कि.मी. होतात. अक्षांशांतील फरक २.४ अंश, म्हणजे २६६ कि.मी. रेखांश मात्र ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात. आपल्या भागात, १८ अक्षांशाच्या आसपास, त्यांतील एका अंशाचे सुमारे १०५.५ कि.मी.च भरतात. त्यामुळे १.४ अंशांचे १४८ कि.मी. झाले. आता पायथागोरसचा सिद्धांत लावा. कर्ण सुमारे ३०५ कि.मी. येतो. मिरज, सातारा, पुणे असा वळसा घेणारा लोहमार्ग ५१८ कि.मी.चा आहे!

एवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाई दुर्लक्षिली तरी चालते. मुंबई-लंडनसाठी मात्र पृथ्वीगोलावर दोरा ताणूनच जवळचा मार्ग शोधावा लागेल.

आता वेळ. पंख्याचे प्रवासी विमान उंचावर ताशी सुमारे ५०० कि.मी. वेगाने जाते. सूत्राने उत्तर येते ३७ मिनिटे. वेळापत्रकात मात्र सुमारे तासभर असतो. उरलेली मिनिटे कुठे गेली?

वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत ते सावकाश चालते. वर चढताना आणि खाली येताना त्याचा वेग कमी असतो. शिवाय मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. विमाने वाऱ्याच्या समोरून उतरतात आणि तेथे वारा बहुधा पश्चिमेचा. म्हणून दक्षिणेकडून आलेल्या विमानालाही वळून पूर्वेच्या बाजूने उतरावे लागते. गर्दी असेल तर आकाशात घिरट्या आल्याच. थोडक्यात, सूत्र बरोबर आहे. आपण सर्वाधिक वेग हाच सरासरी वेग धरला, तेथे घोटाळा झाला.

हेच गणित आता पलूसपासून मांडा. पलूस ते मुंबई सरळ अंतर सुमारे २७५ कि.मी. पण विमानासाठी आधी दक्षिणेला, म्हणजे मुंबईच्या उलट दिशेला, जावे लागते. त्यासाठी दीड तास, विमानतळावर एक तास, प्रवासाचा एक तास आणि मुंबईत बाहेर पडायला अर्धा तास धरू. एकूण चार तास. सरासरी वेग ताशी सत्तर कि.मी.च्या आत!

किर्लोस्करवाडीहून रेल्वेने आणि पलूसहून एस.टी.ने जाणाऱ्यांचा असाच सरासरी वेग मुलांना काढायला सांगा. वेळा त्यांनी स्वतः विचारून आणाव्यात. कोणते वाहन किती वेगवान, याचे उत्तर आपण कुठून निघतो यावरही अवलंबून असते, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.