मैदानावर जिंकले, बैठकीत हरले

अजिंक्यपदाचा निकाल मैदानावर लागतो, अशी आपली साधी समजूत असते. रणजी करंडकाचेच पाहा. सामने होतात, गुण मोजले जातात आणि गुणतक्त्यात जो वर तो पुढे जातो. परंतु अमेरिकेत एक खेळ असा आहे की, अजिंक्यपदासाठी कोणी झुंजावे हे ठरविण्याकरिता तेरा जणांच्या समितीला बैठक भरवावी लागते आणि तिच्या निर्णयावर पुढे कित्येक आठवडे वाद रंगतो. तो खेळ म्हणजे तेथील विद्यापीठांचा फुटबॉल. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे त्या विद्यापीठांतून शिकली आहेत, शिकत आहेत. त्यांच्या तोंडून हा वाद कधी ना कधी कानी आला असेलच. म्हणून त्याचे मूळ समजून घ्यावे, असे आम्हांस वाटले.

हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, तो फेकण्याचा व झेलण्याचा, मोठ्या अंगमेहनतीचा हा खेळ आहे. रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत १८६९ साली जो सामना झाला, त्यापासून त्याचा इतिहास सांगतात. आज त्याच्या वरच्या श्रेणीत सव्वाशेहून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात साधारण बाराच सामने येतात. साहजिकच बहुतेक संघांची परस्परांशी गाठच पडत नाही. एकाने बलाढ्यांशी लढून दोन सामने गमवावेत, दुसऱ्याने दुबळ्यांशी खेळून सारे जिंकावेत. आता यांतला श्रेष्ठ कोण? वादाची गोम आहे ती इथे.

प्रारंभी हा प्रश्न मतांनी सोडविला जाई. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांच्या मतांवरून क्रमवारी देऊ लागली. १९५० पासून प्रशिक्षकांचीही यादी निघू लागली. दोन याद्या म्हटल्यावर अधूनमधून अजिंक्यवीरही दोन होत. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ साली मतांना संगणकाच्या गणिताची जोड देण्यात आली आणि पहिल्या दोन संघांत अंतिम सामना होऊ लागला. तथापि २००३ च्या हंगामात पत्रकार व प्रशिक्षक या दोहोंच्या यादीत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघच या एकत्रित हिशेबात तिसरा ठरून बाहेर राहिला! अंतिम सामना लुइझियाना स्टेटने जिंकला, पत्रकारांनी मात्र आपले मत सदर्न कॅलिफोर्नियालाच दिले. पुढल्याच वर्षी ऑबर्नचा संघ एकही सामना न हरता अंतिम सामन्यापासून वंचित राहिला.

अखेर २०१४ च्या हंगामापासून निवड समिती आली आणि चार संघांना संधी मिळू लागली. या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती ३ डिसेंबर २०२३ रोजी. फ्लोरिडा स्टेटच्या संघाने तेराच्या तेरा सामने जिंकून आपल्या गटाचे विजेतेपद मिळविले होते. मात्र त्यांचा प्रमुख खेळाडू जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय नोव्हेंबरात जायबंदी झाला होता. त्याच्यावाचूनही संघाने उरलेले सामने जिंकले. परंतु समितीने त्यांना पाचवे ठरविले आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली. पाय आधीच मोडला असता तर बरे झाले असते, हा संघ एकट्या माझ्यावर उभा नाही हे सर्वांना दिसले असते, अशा आशयाचे उद्गार त्या तरुणाने काढले. वाचून आमचे मन हेलावले.

समितीची बाजूही ऐकली पाहिजे. महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसल्यास त्याचा विचार करण्याची मुभा तिला नियमानेच होती. पुढे ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडविला, हेही खरे. परंतु त्या सामन्यात त्यांचे वीसहून अधिक खेळाडू उतरलेच नव्हते. तेव्हा त्यावरून निर्णयाचे समर्थन करणे आम्हांस पटत नाही.

२०२४ पासून संघांची संख्या बारा झाली आणि पाच गटविजेत्यांना जागेची हमी मिळाली. वाद मिटला का? मुळीच नाही, तो फक्त चौथ्या जागेवरून शेवटच्या जागांकडे सरकला. २०२५ मध्ये मायामी आणि नोत्र दाम या दोघांचेही दहा विजय व दोन पराभव होते. हंगामाच्या आरंभीच मायामीने नोत्र दामला २७-२४ असे हरविले होते. तरीही समिती कित्येक आठवडे नोत्र दामलाच वर ठेवीत आली आणि शेवटच्या यादीत मात्र क्रम फिरविला. नोत्र दामचा संघ बाहेर राहिला. मायामीने पुढे थेट अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली आणि तेथे तो इंडियानाकडून हरला.

आमच्या मते साऱ्या वादाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: जागा द्यायची ती केलेल्या पराक्रमाबद्दल, की पुढे होऊ शकणाऱ्या पराक्रमाच्या अंदाजावर? दोन्ही बाजूंना काही अर्थ आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु अंदाज चुकू शकतो. घडलेला विजय मात्र चुकीचा ठरविता येत नाही. समितीने विवेक अवश्य वापरावा, मात्र तो जेथे मैदानाने उत्तर दिलेले नाही तेथेच. जेथे ते दिले आहे तेथे बैठकीने मान तुकवावी. वर्षभर घाम गाळणाऱ्या विशी-बाविशीतल्या मुलांना हार पत्करण्याचे बळ खेळच देतो. पण न हरताच हरल्याचे त्यांना कोणत्या तोंडाने समजावून सांगावे?