न हटणारा ताप
सामरवरणीसारख्या कारखानदारीच्या गावात ताप म्हटला की हिवताप वा विषमज्वर प्रथम आठवतो, आणि ते वावगेही नाही. परंतु औषधे देऊनही रोज ठराविक वेळी ताप चढत असेल, सांधे व घसा दुखत असेल, तापाबरोबर फिकट गुलाबी पुरळ उमटून मावळत असेल, तर स्टिलच्या रोगाची शंका घेतलीच पाहिजे. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ साली तो मुलांत वर्णिला. प्रौढांनाही तो जडतो, हे १९७१ साली डॉ. बायवॉटर्स यांनी दाखविले. रक्तातील फेरिटिन बहुधा फार वाढते. तरी जंतुसंसर्ग व कर्करोग वगळल्यावाचून निदान होत नाही. प्रतिजैविके येथे निरुपयोगी. स्टेरॉइड व मेथोट्रेक्सेट उपयोगी पडतात. रोजंदारीच्या कामगाराचा ताप लांबला की घरची चूल विझते. असा रुग्ण वेळीच सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात धाडावा, असे आम्ही डॉक्टरांना आग्रहाने सुचवितो.