गजबजाटातला निवांत कोपरा

शाळेची सहल एखाद्या मोठ्या मनोरंजन उद्यानात जाणार असली की आधी खेळण्यांची यादी होते. कोणत्या पाळण्यात बसायचे, आगगाडी कधी सुटते, जेवण कुठे घ्यायचे हे सारे ठरते. थकलेल्या मुलाला घटकाभर कुठे बसवायचे, हे मात्र सहसा कोणी ठरवत नाही. दुपारी दोनच्या सुमारास एखादे मूल चिडचिड करू लागते, कानांवर हात ठेवते किंवा कारण नसताना रडते, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. पुष्कळदा त्या मुलाला हवी असते ती थोडी शांतता. ही शांतता गर्दीच्या ठिकाणीही सापडते. ती कुठे शोधावी हे ध्वनीच्या साध्या नियमांवरून सांगता येते.

बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यातले सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. उत्तरेला अंबाबरवा अभयारण्याचे जंगल, तर दक्षिणेला शेगाव. म्हणजे जंगलातली शांतता आणि तीर्थक्षेत्राची गर्दी, दोन्ही इथल्या मुलांच्या परिचयाची. शेगावला श्री गजानन महाराज संस्थानाने आनंदसागर उभारले, तेव्हा त्यात बागा, खेळणी आणि छोटी आगगाडी होती. शिवाय मोठ्या कृत्रिम तळ्यातील बेटावर ध्यानकेंद्रही होते. (मध्यंतरी काही वर्षे हे उद्यान बंद होते, सहल नेण्यापूर्वी कोणते भाग खुले आहेत याची चौकशी करावी.) मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड किंवा खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका यांच्या रचनेत खेळण्यांना अग्रस्थान. आनंदसागरच्या आराखड्यात मात्र शांत बसण्याची जागा मुळातच आखलेली होती. अशी आखलेली जागा नसेल तेथे ती आपण शोधायची आहे.

दूर जाणे महाग पडते

आवाज नकोसा झाला की आपण त्याच्यापासून दूर जातो. हा उपाय बरोबर आहे, पण त्याला मर्यादा आहे. मोकळ्या जागेत एका भोंग्यापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. समजा, भोंग्यापासून २ मीटरवर ९० डेसिबल आवाज आहे. मग ४ मीटरवर ८४, ८ मीटरवर ७८, १६ मीटरवर ७२, ३२ मीटरवर ६६ आणि ६४ मीटरवर ६० डेसिबल आवाज राहील. पहिले ६ डेसिबल कमी करायला फक्त २ मीटर चालावे लागले. शेवटच्या ६ डेसिबलसाठी तब्बल ३२ मीटर! शिवाय उद्यानात एकच भोंगा नसतो. सगळीकडे माणसे बोलत असतात, मुले किंचाळत असतात. एका भोंग्यापासून दूर जाताना आपण दुसऱ्याच्या जवळ जातो.

आडोसा स्वस्त पडतो

अशा वेळी चालण्यापेक्षा आडोसा गाठावा. आवाजाचा उगम आणि आपला कान यांच्यामध्ये भरीव भिंत आली आणि उगम दिसेनासा झाला, की तेवढ्यानेच सुमारे ५ डेसिबलचा फरक पडतो. वरच्या उदाहरणात ३२ मीटरवर उभे राहून तेवढाच फरक मिळवायला आणखी २५ मीटर चालावे लागले असते. मोठी पक्की इमारत मध्ये आली तर फरक १० डेसिबल किंवा त्याहूनही अधिक होतो. आवाज १० डेसिबलने उतरला की आपल्या कानाला तो साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो.

परंतु सगळेच आवाज भिंतीआड सारखे अडत नाहीत. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर ३००० हर्ट्झच्या किंकाळीची तरंगलांबी सुमारे ११ सेंटिमीटर भरते आणि १०० हर्ट्झच्या ढोलाची ३.४ मीटर. आखूड लहरींना भिंत चांगली अडवते. लांब लहरी मात्र कडेवरून वळून पलीकडे जातात. यालाच विवर्तन म्हणतात. म्हणून भिंतीआड गेल्यावर किंकाळ्या विरतात, पण ढोलाचा धमधमाट पाठ सोडत नाही. दुसरी गोष्ट, आडोशाची ध्वनिछाया भिंतीलगत गडद आणि दूर जाऊ तशी फिकी होत जाते. म्हणून भिंतीच्या जवळ बसावे. मात्र समोर दुसरी उंच भिंत नको, नाहीतर तिच्यावरून परतलेला आवाज आपल्याकडे येतो.

याच कारणाने भोजनगृह ही विश्रांतीची जागा नव्हे. वर पत्रे, खाली फरशी, भोवती भिंती. आवाज शोषणारे काहीच नाही. तेथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या वर आवाज काढून बोलतो आणि गलका वाढतच जातो. त्यापेक्षा गवत किंवा मऊ माती असलेली मोकळी जागा बरी.

झाडे, वारा आणि पाणी

झाडे आवाज अडवतात असा समज आहे. प्रत्यक्षात ३० मीटर रुंदीची दाट झाडी जेमतेम ५ डेसिबल कमी करते; मेंदीच्या कुंपणाने तर काहीच फरक पडत नाही. तरीही झाडाखाली बरे वाटते, याला कारणे आहेत. सावली असते, पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे गारवा असतो, आणि डोळ्यांना हिरवाई मिळते. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयातील शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. तेव्हा आडोसा भिंतीचा आणि समोर झाडे, ही जोडी उत्तम.

वाऱ्याबद्दलही एक गैरसमज आहे. वारा आवाज 'वाहून नेतो' असे आपण म्हणतो. पण सेकंदाला ५ मीटर वाहणारा वारा ध्वनीच्या वेगापुढे नगण्य आहे. खरी गोष्ट अशी की जमिनीलगत वारा मंद आणि वर वेगवान असतो. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्या ध्वनिलहरी खाली वाकतात आणि आपल्या कानावर येतात. उलट दिशेने जाणाऱ्या वर वाकून डोक्यावरून निघून जातात. म्हणून वारा आपल्याकडून भोंग्याकडे वाहील अशा बाजूला बसावे.

तळ्याकाठी मात्र जरा जपून निवड करावी. पाण्याचा पृष्ठभाग आवाज शोषत नाही, परावर्तित करतो. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असली, की लहरी पुन्हा खाली वाकतात आणि पैलतीरावरचे बोलणे स्पष्ट ऐकू येते. मग तळ्यातले बेट शांत का वाटते? कारण पाण्यावर गर्दी उभी राहू शकत नाही; बेटाभोवती माणसांविना एक पट्टा आपोआप राखला जातो. कारंज्याचे काम वेगळेच आहे. त्याच्या एकसुरी खळखळाटात भोवतालचे बोलणे बुडून जाते. मापकावर आवाज वाढलेला दिसेल, पण शब्द ओळखण्याचा ताण गेल्याने मनाला विसावा मिळतो.

कोणाला अधिक गरज?

हाताच्या अंतरावरील माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तेथील पातळी ८५ डेसिबलच्या आसपास आहे असे समजावे. कामाच्या ठिकाणी या पातळीला दिवसाचे आठ तास ही मर्यादा मानली जाते, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. सर्वांसाठीच ही कसोटी उपयोगी आहे. पण श्रवणयंत्र वापरणाऱ्या, अर्धशिशीचा त्रास असणाऱ्या किंवा स्वमग्न मुलांसाठी गोंगाट याहून पुष्कळ आधीच असह्य होऊ शकतो. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेचा समावेश केला आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील डॉलीवूड या उद्यानाने अशा मुलांसाठी शांत खोली सुरू केली. आपल्याकडे खोली नसेल, तर निदान कोपरा तरी शोधता येईल.

एक सावधगिरी आवश्यक आहे. निवांत म्हणजे निर्मनुष्य नव्हे. आडोसा आवाजाबरोबर नजरही अडवतो. म्हणून मुलाला तेथे एकटे कधीच बसवू नये. शिक्षकांनी पाळीपाळीने तेथे थांबावे, जवळ पिण्याचे पाणी असावे, आणि ती जागा सर्व मुलांना आल्याबरोबर दाखवावी. तेथे जाणे ही शिक्षा नाही, हेही तेव्हाच सांगावे.

वर्गासाठी उपक्रम

सहलीपूर्वी याचा सराव शाळेच्या आवारात करता येईल. मधल्या सुट्टीत मुलांच्या जोड्या करा. एकाने नेहमीच्या आवाजात वाक्य बोलावे, दुसऱ्याने मागे सरकत जावे आणि शब्द कळेनासे झाले की थांबावे. हे अंतर पावलांनी मोजून मैदानाच्या नकाशावर लिहा. अंतर जास्त, तेथे शांतता जास्त. मैदान, इमारतीची मागची बाजू, झाडाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये असे दहा-बारा ठिकाणी मोजा. वाऱ्याची दिशा बाणाने दाखवा. मोबाइलवरील आवाजमापकाचे आकडे अचूक नसले, तरी दोन ठिकाणांच्या तुलनेला चालतात. गावातल्या यात्रेत, आकाशपाळण्याभोवती, हाच नकाशा पुन्हा करून पाहावा.

असा नकाशा केलेली मुले सहलीच्या दिवशी शिक्षकांच्या आधी जागा सुचवतील. एखादा वर्गमित्र कानांवर हात ठेवून उभा असेल, तर त्याला हसण्याऐवजी कुठे न्यायचे हे त्यांना ठाऊक असेल.