डबा की खाणावळ?

शिक्षणासाठी पुण्यात येणाऱ्या मुलापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो जेवणाचा. रोज स्वतःचा डबा करून घ्यावा, की सदाशिव पेठेतली एखादी खाणावळ लावावी? डबा आपल्या चवीचा, पण तो वागवावा लागतो. खाणावळीत शंभर जणांचे जेवण एकाच चुलीवर होते. मात्र आमटी खारट झाली तर ती शंभर जणांना खारट! संगणकाच्या आज्ञावली तयार करणाऱ्यांपुढेही असाच प्रश्न असतो. कसा, ते पाहू.

‘शनिवारवाडा’ हा शब्द घ्या. संगणकाच्या स्मृतीत ‘नि’ हे अक्षर साठवताना आधी ‘न’चा आकडा आणि नंतर पहिल्या वेलांटीचा आकडा ठेवलेला असतो. पडद्यावर मात्र वेलांटी ‘न’च्या डावीकडे काढावी लागते. ‘दुसऱ्या’ हा शब्द तर सात आकड्यांचा आहे. त्यांतील ‘ऱ’, हलन्ताचे चिन्ह आणि ‘य’ हे तीन आकडे ओळखून ‘ऱ्य’ हे जोडाक्षर जुळवावे लागते. मराठी दाखवणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीला हे सारे नियम हवेतच. मग ते प्रत्येकीने नव्याने लिहायचे काय?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर पुण्याशी निगडित आहे. 1988 साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले ‘जिस्ट’ तंत्र तिने पुढे वाढवले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले, की मुळात इंग्रजीसाठी केलेल्या आज्ञावलींतूनही देवनागरी मजकूर लिहिता येई. नियम एकाच जागी आणि उपयोग सर्वांना!

आज हे काम कार्डाऐवजी ‘लायब्ररी’ करते. लायब्ररी म्हणजे वारंवार लागणाऱ्या तयार आज्ञांचा संग्रह. अक्षरे जुळवणाऱ्या अशा एका लायब्ररीचे नाव आहे ‘हार्फबझ’. तिचा जन्मही बोधप्रद आहे. ‘पँगो’ आणि ‘क्यूटी’ या दोन प्रकल्पांनी एकाच मूळ आज्ञासंचाच्या प्रती घेतल्या होत्या. दोघांनी आपापल्या प्रतीत दुरुस्त्या केल्या आणि त्या प्रती एकमेकींपासून दूर गेल्या. अखेर 2006 मध्ये त्या एकत्र आणल्या गेल्या.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. प्रोग्रामरने लिहिलेल्या आज्ञांचे कंपायलर यंत्रभाषेत रूपांतर करतो. त्यानंतर त्यांना लायब्ररी जोडण्याचे काम लिंकरचे. ही जोडणी दोन प्रकारे होते.

पहिल्या प्रकारात लिंकर लायब्ररीतील आवश्यक भाग उचलून आज्ञावलीच्या फायलीतच घालून टाकतो. हे स्टॅटिक लिंकिंग, म्हणजे डबा. दुसऱ्या प्रकारात फायलीत फक्त एक चिठ्ठी ठेवली जाते: ‘मला अमुक लायब्ररी लागेल.’ आज्ञावली सुरू होताना लोडर ती चिठ्ठी वाचतो, चकतीवरील लायब्ररी शोधतो आणि तिचे पत्ते जुळवून देतो. हे डायनॅमिक लिंकिंग, म्हणजे खाणावळ. अशा दहा आज्ञावली एकाच वेळी चालू असल्या, तरी लायब्ररीच्या आज्ञांची स्मृतीतील एकच प्रत त्या सर्वांना पुरते. ‘डीएलएल फाइल सापडत नाही’ अशी सूचना तुम्ही विंडोजवर कदाचित पाहिली असेल. तिचा अर्थ एवढाच, की चिठ्ठी आहे पण खाणावळ बंद आहे!

समजा, हार्फबझमध्ये ‘ऱ्या’ चुकीचा जुळतो असा दोष सापडला. लिनक्सवर पँगोच्या द्वारे सामायिक हार्फबझ वापरणाऱ्या सर्व आज्ञावली लायब्ररीची एक फाइल बदलताच सुधारतात. त्या फक्त पुन्हा सुरू कराव्या लागतात. क्रोम ब्राउझर मात्र हार्फबझची स्वतःची प्रत पोटातच बाळगतो. त्यामुळे नवा क्रोम येईपर्यंत तिथे ‘ऱ्या’ चुकीचाच दिसेल. दोष अक्षराचा असेल तर वाचकाला खटकेल एवढेच. पण दोष चोराला वाट देणारा असेल तर? मग आपली कुठली कुठली आज्ञावली जुनी प्रत बाळगून आहे, हे एकेक करून शोधावे लागते.

खाणावळीचा धोकाही खरा आहे. 2010 साली लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या मूलभूत लायब्ररीत मजकुराची नक्कल करणारे ‘मेमकॉपी’ हे कार्य अधिक वेगवान केले गेले. फेडोरा 14 या प्रणालीत ते येताच फ्लॅश प्लेयरचा आवाज बिघडला. मूळ जागा आणि नकलेची जागा एकमेकींवर येऊ नयेत, हा मेमकॉपीचा जुना नियम फ्लॅशने पाळला नव्हता. आचाऱ्याची पद्धत बदलेपर्यंत ती चूक झाकून राहिली होती. पुढे 2011 मध्ये, 2.14 या आवृत्तीत, जुन्या आज्ञावलींना जुन्या वळणाचे आणि नव्यांना नवे मेमकॉपी मिळेल अशी सोय केली गेली. एकाच खाणावळीत दोन पंगती!

तेव्हा दोहोंपैकी एकच पद्धत श्रेष्ठ असे म्हणता येत नाही. परक्या संगणकावर हमखास चालायला हवे तर डबा बरा. एका दुरुस्तीचा लाभ सर्वांना हवा तर खाणावळ. मात्र डबा नेणाऱ्याने आत काय आहे याची नोंद ठेवावी आणि खाणावळ चालवणाऱ्याने जुन्या जेवणाऱ्यांना विसरू नये.

करून पाहा: शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर शिक्षकांच्या मदतीने ‘एलडीडी’ ही आज्ञा द्या आणि तिच्यापुढे संगणकावरील एखाद्या आज्ञावलीच्या फायलीचा पत्ता लिहा. तिला लागणाऱ्या सामायिक लायब्रऱ्यांची यादी पडद्यावर येईल. यादीत हार्फबझ दिसते का, ते शोधा. दिसली नाही, तर ती आज्ञावली मराठी अक्षरे कशी जुळवत असेल, याचा विचार करा.